बेचाळीस जर्नलांतली भरलेली चांदणी

सर, गेल्या रविवारी मी तुमच्या घरी जाऊन आले. अजिंठ्याला. तुम्ही नाही आहात हे ठाऊक असूनच गेले, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की पोरगी भेटायला आली होती. तुम्ही होतात तेव्हा दहा वर्षांत एकदाही मला तुमच्यासमोर उभं राहायचं धाडस झालं नाही. तुम्ही गेल्यालाही आता बारा वर्षं झाली. एवढ्या काळात पाहुण्यांना लेणी दाखवायला म्हणून मी चार-पाच वेळा तरी तुमच्या गावावरून फर्दापूरला गेले असेन. दर वेळी अजिंठा गाव आलं की मोबाइलमध्ये डोकं घालायचं आणि घाट सुरू झाला की वर काढायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. नवरा एकदा म्हणालासुद्धा, तुला या गावाचं काय वावडं आहे? मी म्हटलं, गाडी लागते.

या वेळी निमित्त झालं एका पत्र्याच्या चांदणीचं. माझं काम तुम्हाला आवडलं असतं. वाळूजच्या एका कंपनीत मी पत्रा कापणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. ग्राहक चित्र देतो, त्या चित्राचे कोपरे आम्ही एकापुढे एक मांडतो आणि संगणकाला सांगतो की या बिंदूंनी वेढलेला तुकडा तो आपला, बाकीचा पत्रा आपला नाही. म्हणजे तुम्ही शिकवलेलं तेच, बहुकोनी प्रदेश तयार करणं. बिंदू किती, ते कुठल्या क्रमानं जोडायचे आणि आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं हे कुठल्या नियमानं ठरवायचं, एवढं सांगितलं की काम झालं. त्यातलं शेवटचं सांगायला सगळे विसरतात, आणि विसरलं की संगणक आपल्या मनानं एक नियम धरून चालतो. आमच्याकडे जालन्याची एक मुलगी सहा महिन्यांपूर्वी लागली आहे, ती विसरली. एका बंगल्याच्या फाटकासाठी मोठी चांदणी कापायची होती. पडद्यावर रेघा अगदी बरोबर दिसत होत्या. यंत्र चाललं आणि खाली पाच सुटे त्रिकोण पडले, मधला पंचकोन वेगळाच घरंगळला. मुलगी रडकुंडीला आलेली. मॅम, माझं काहीच चुकलेलं नाही हो, म्हणत होती.

मी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, टेबलं सरकवली, फरशीवर चिकटपट्टीनं हात न उचलता काढतात तशी पाच टोकांची चांदणी चिकटवली आणि तिला म्हटलं, चाल. रेघ ओलांडलीस की मोठ्यानं म्हण, आत. पुढची ओलांडलीस की म्हण, बाहेर. ती चालली. पहिल्या रेघेला आत, दुसऱ्या रेघेला बाहेर, आणि नेमकी चांदणीच्या मधोमध उभी. चारी बाजूंनी रेघा आणि स्वतःच्या तोंडानं म्हणते आहे, बाहेर. तिचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! मग मी तिला दुसरा नियम सांगितला, रेघा कुठल्या दिशेनं वळसा घालतात ते मोजायचा, ज्यात मधला भाग आतच राहतो. तिनं जागेवर जाऊन एक शब्द बदलला आणि दुसरी चांदणी अखंड निघाली. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर ती म्हणाली, मॅम, तुम्ही काय भारी समजावता, हे कुठं शिकलात? आणि सर, मी म्हणाले, अनुभवानं येतं गं हळूहळू. बोलून झाल्यावर माझा मलाच इतका तिटकारा आला की चहा तसाच टाकून मी जागेवर येऊन बसले.

मला ते कुणी शिकवलं हे तुम्हाला सांगायला नको. पण तुम्हाला न माहीत असलेलं, किंवा मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्हाला माहीत नाही, असं बरंच आहे. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील, पण आमच्या वेळी संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं जर्नल हातानं लिहायचं असायचं. उजव्या रेघी पानावर प्रोग्राम, डाव्या कोऱ्या पानावर पडद्यावर जे चित्र आलं ते पेन्सिलीनं काढायचं. नियम असा की आधी प्रोग्राम चालवा, काय उमटतं ते बघा, मग काढा. रिवाज असा की मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मिळवा आणि निमूट उतरवा. वर्गात आम्ही बेचाळीस, चालणारी यंत्रं सात, आणि भारनियमन असं की लाइट यायची तेव्हा तास संपलेला असायचा. त्यामुळे रिवाजाला कुणी नाव ठेवत नव्हतं. आमच्या वर्गाला जर्नल पुरवलं ते मी. माझ्या मावसबहिणीचं, ती त्याच कॉलेजातून पहिली आलेली, अक्षर मोत्यासारखं. नववा प्रयोग होता बहुकोन भरण्याचा. तिनं चांदणी काढली होती आणि आतून सगळी, मधल्या पंचकोनासकट, तिरप्या रेघांनी सुरेख भरली होती. शेजारी सही. तिनंही ती कुणाची तरी बघूनच काढलेली असणार, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी उतरवली, माझी बघून मैत्रिणीनं उतरवली, आठवड्यात बेचाळीस जर्नलांत बेचाळीस भरलेल्या चांदण्या झाल्या. माझी तर लाल पेन्सिलीनं.

तुमचं आमच्या कॉलेजातलं ते दुसरं वर्ष. तासिका तत्त्वावर होतात, शहरात टी. व्ही. सेंटर भागात भाड्याची खोली, शनिवारी दुपारची एसटी धरून गावी. आता डोळे मिटले तरी दिसतं, तुम्ही जर्नलांचा गठ्ठा टेबलावर ठेवता, एकेकाचं नववं पान उघडता, पुढचं उघडता, आणि दहा-बारा झाल्यावर तुम्हाला हसूच आवरत नाही.

“पोरंहो, ह्यातल्या एकानं तरी प्रोग्राम चालवलाय का?” तुम्ही विचारता. कुणी हात वर करत नाही. “मग ही चांदणी काय सपनात आली व्हती? ह्या प्रोग्रामनं मधलं भरतच नाय. मधी पोकळ राहतंय. चालवा, बघा, मग काढा. तवर सही नाय.”

मागच्या बाकावर कुणीतरी ‘नाय’ असं हळूच म्हणतं आणि फिसकन हसतं. तुमच्या बोलण्याची नक्कल करणं हा आमचा रोजचा खेळ होता, आणि मी त्यात पुढेच होते, कारण मला ती छान जमायची. मी उभी राहिले. “सर, मागच्या वर्षी दुसऱ्या सरांनी याच आकृतीवर सही केलेली आहे,” असं मी अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले. तुम्ही म्हणालात, “मागच्या साली चुकली म्हणून औंदाबी चुकायची का? चल बाहेर. समदे चला.”

व्हॉलीबॉलच्या मैदानावर तुम्ही चुन्याच्या फक्कीनं चांदणी आखलीत. आणि चालायला कुणाला निवडलंत, तर मला. “रेघ वलांडली की म्हन, आत. पुन्यांदा वलांडली की म्हन, बाहेर. मनात नको, मोठ्यानं.” मी चालले. आत म्हणाले, बाहेर म्हणाले, आणि बघते तर मी चांदणीच्या मधोमध. सगळा वर्ग खो खो हसला. तुम्हीही हसलात, पण तुमचं हसणं वेगळं होतं, तुम्हाला गंमत कळल्याचा आनंद झाला होता. “यंत्राला डोळे नसत्यात,” तुम्ही म्हणालात. “ते नुस्तं मोजतंय. दुसरा बी एक नियम हाय, त्यात मधलं भरतं, पर तुमच्या प्रोग्रामात लिवलाय तो हा.” सर, मला त्या क्षणी सगळं समजलं होतं. लख्ख समजलं होतं. पण पहिल्या नंबरची मुलगी मैदानात चुन्यात उभी आणि बेचाळीसातले एकेचाळीस हसताहेत, हे मला गिळता येईना. समजल्याचा आनंद बाजूला राहिला आणि राग तेवढा घेऊन मी घरी गेले.

दोन दिवसांनी तुम्ही मला व्हरांड्यात गाठलंत. जेवणाची सुट्टी होती आणि लाइट होती, म्हणजे दुर्मीळ योग. “तू बस जाऊन,” तुम्ही प्रयोगशाळेची किल्ली पुढे केलीत. “लॅबवाल्या चाचांना सांगितलंय. अर्धा तास हाय. जर्नलवर इस्वास ठिवू नको, सोता बघ.” आणि तुम्ही डबा घेऊन बाहेर पायरीवर बसलात, कारण आत खाल्लेलं चाचांना चालत नसे. मी प्रोग्राम लिहिला, माझ्या हजेरी नंबरानं साठवला आणि चालवला. निळा पडदा काळा झाला, पाच टोकं पिवळी भरली आणि मधे काळाभोर पंचकोन तसाच राहिला. मी परत चालवला. पुन्हा तेच. तुम्ही म्हणाला होतात अगदी तसंच. मग खरंच लाइट गेली, पण माझं सगळं बघून झाल्यावर, हे तुम्हाला आज सांगते. चाचा म्हणाले, “गई मॅडम, अब चार बजेतलक नक्को देखो.” मी बाहेर आले. तुमच्या हातात भाकरीचा शेवटचा तुकडा होता. “काय आलं?” तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, “पूर्ण होण्याआधीच लाइट गेली सर.” तुम्ही म्हणालात, “बरं. उद्या बघ.” डबा बंद केलात आणि उठलात.

असं का बोलले, याची कारणं मी इतक्या वेळा स्वतःला दिली आहेत की आता ती खरी वाटतात. मावसबहिणीची लाज राखायची होती, वर्गात तोंड दाखवायचं होतं, सगळ्यांना नववा प्रयोग पुन्हा करायला लागला असता आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं असतं. सगळं खरंच आहे. पण त्याच्याखाली अजून एक आहे, ते आज लिहिते. तुमच्यासारखा बोलणारा माणूस माझ्यापेक्षा बरोबर असू शकतो, हे मला मान्य करायचं नव्हतं.

सबमिशनला आठ दिवस उरले, तरी तुमची सही नाही. वर्ग पेटला. प्राचार्यांकडे अर्ज करायचं ठरलं आणि तो लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आमच्या घरात अर्ज लिहिणं पिढीजात. आजोबा निजामाच्या अमलात कचेरीत कारकून, बाबा तहसिलात. मी बाबांना विचारलं, सरांविरुद्ध अर्ज कसा लिहायचा. बाबांनी काय झालं हे नाही विचारलं, आधी तुमचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. “हं,” म्हणाले, आणि चष्मा शोधायला लागले. त्या एका ‘हं’ मध्ये काय होतं ते मला एकोणिसाव्या वर्षी नीट कळत होतं, कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बाबांनी सुरुवात आणि शेवट घालून दिला. मधला मजकूर माझा. सर चुकीचं शिकवतात, प्रोग्रामचा निकाल जर्नलप्रमाणेच येतो, हे मी स्वतः संगणकावर चालवून पाहिलं आहे, असं मी लिहिलं. त्याच्याखाली आणखी एक वाक्य घातलं, जे वर्गातल्या कुणीही सुचवलं नव्हतं, बाबांनीही नाही. ‘सरांची भाषा ग्रामीण व अशुद्ध असल्यामुळे विषय समजत नाही.’ ते लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला ते चांगलं जमलंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली बेचाळीस सह्या झाल्या.

प्राचार्यांनी तुम्हाला आणि मला एकदमच बोलावलं. लाइट नव्हती, खिडकीतून उकाडा येत होता. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला, भाषेच्या वाक्यासकट. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, टेबलावरच्या काचेकडे बघत होतात. प्राचार्यांनी मला विचारलं, “तू स्वतः चालवून पाहिलंस?” मी म्हणाले, “हो सर. पूर्ण भरलेली येते.” आणि तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. लाइट आली. प्राचार्य उठलेच. “चला, लॅब इथंच आहे, दोन मिनिटांत बघून टाकू, कटकट मिटेल.” सर, माझी पाचावर धारण बसली. तेव्हा तुम्ही मान वर करून पंख्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत, बराच वेळ, आणि म्हणालात, “राहू द्या साहेब. पोरगी खोटं कशाला बोलंल.”

प्राचार्य पुन्हा बसले. तुमच्यावर चिडलेच ते, की मग इतके दिवस मुलांना का अडवून धरलंत. दुसऱ्याच एका सरांनी एका दुपारी बेचाळीस जर्नलांवर सह्या ठोकल्या, पानं न उलटता. पुढच्या सत्रात तुमचे तास दुसऱ्याला दिले गेले. आणि मी वर्गात येऊन काय सांगितलं असेल? “घाबरले. लॅबमध्ये यायलाच तयार नाहीत.” मला खरंच तसं वाटत होतं. तुमचीच खात्री नाही, असं वाटत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी मी कॉलेजात पहिली आले आणि पेढे वाटले.

तुम्ही गेल्याचं मला वर्गाच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधून कळलं. काविळीनं गेलात, असं एकानं लिहिलं होतं. त्याखाली एकामागून एक हात जोडलेली चित्रं आली. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्याच सगळ्यांची. मीही जोडले. मग कुणीतरी नव्या मोबाइलची चौकशी केली आणि विषय बदलला.

तर ही अशी मी, जालन्याच्या मुलीसमोर खोटं बोलून चार दिवस तळमळले आणि रविवारी गाडी काढून निघाले. ठरवलं होतं, तुमच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगायचं आणि माफी मागून मोकळं व्हायचं. क्रांती चौकातून जाताना पेढे घेतले, मग वाटेत वाटलं पेढे कशाचे, म्हणून ते गाडीतच ठेवले. गावात तुमचं नाव सांगितल्यावर तिसऱ्या माणसानं घर दाखवलं. “कॉम्प्युटरवाल्या सरांचं ना?” म्हणाला. पुढच्या खोलीत तुमचा क्लास होता तो आता बंद आहे, पण भिंतीला फळा तसाच आहे. वर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली तुमची. तुमच्या फोटोत तुम्ही खूप थकलेले दिसता. मी सांगितलं, सरांची जुनी विद्यार्थिनी आहे, शहरातल्या कॉलेजातली. काकू एवढ्या हरखल्या की मला बसवू की उभी ठेवू असं त्यांना झालं.

“बसा की मॅडम. व्हय, त्या कालिजातलं कुणीच आलं नाय कधी. तुम्हीच पहिल्या.” चहा ठेवत त्या स्वयंपाकघरातूनच बोलत होत्या. “लई जीव व्हता त्यांचा तिथं. आन तिथनंच काढलं ना त्यांला.”

मी म्हणाले, हो, ऐकलं होतं. एवढंच म्हणाले.

“तुम्हाला समदं ठाव नसंल,” म्हणून काकू कप घेऊन समोर बसल्या आणि त्यांनी मला माझीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. पोरांनी अर्ज केला, एका पोरीनं लिहिला, हुशार होती. “ती खोटं बोलली. आन ह्यांला ते म्हाईत व्हतं.” मी म्हटलं, कसं माहीत? “अवो, तिनं यंत्रावर परोगराम करून ठिवला व्हता ना. तिच्या लंबरासकट. लाइट गेली म्हणली त्याच सांजेला, लाइट आल्यावर, ह्यांनी उघडून बघितला. खाली तिनं लिवलं व्हतं म्हणं, मधी पोकळ का येतंय, सरांला विचारायचं. अर्ज त्याच्यानंतर दिला तिनं.” काकूंनी कप खाली ठेवला. “हे म्हणायचे, लई बरं वाटलं गं वाचून, येईल विचारायला. ती काय आलीच नाय.”

सर, ती ओळ मी लिहिली होती हे मी साफ विसरले होते. पण काकू बोलल्या आणि मला ती इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ओळ पडद्यावर दिसली, प्रोग्रामच्या शेवटच्या कंसाखाली. विचारायचंच होतं मला. पायरीवर येईपर्यंत विचारायचंच होतं.

“मग सरांनी प्राचार्यांना ती दाखवली का नाही?” मी विचारलं, आणि माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

“मी बी तेच म्हणले. भांडलेच मी. तर म्हणाले, खोटा अर्ज केला म्हणून तिची टरम घालवली असती, परीक्षा तोंडावर आलेली, पोरीची जात, घरच्यांनी शिक्षणच बंद केलं असतं.” काकू तुमच्या फोटोकडे बघत होत्या. “त्यांचं त्यांच्यापाशी. मला नाय पटलं ते. तीन वर्सं सिल्लोडला दुसऱ्याच्या क्लासात उभं राहून शिकवलं त्यांनी. मला अजून बी राग हाय तिचा. एकदा भेटली तर निस्तं विचारणार हाय, का गं बाई? बाकीच्यांला तर ठावच नव्हतं. तुला तर ठाव व्हतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुमच्याच वर्गातली आसंल, न्हवं? वळखत असाल तुम्ही.”

आता सांगायचं, एवढ्यासाठीच तर आले होते. काकूंनी प्रश्नसुद्धा तयार ठेवला होता, मला फक्त ‘मीच ती’ एवढं म्हणायचं होतं. आणि मी म्हणाले, “नाही काकू, मी आधीच्या वर्षाची.”

“तरीच,” काकू म्हणाल्या. “म्हणून तुम्ही आलात.” आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सर, तुम्ही मला त्या दिवशी वाचवलंत याची मला लाज वाटत नाही असं खोटं म्हणणार नाही, वाटते, पण त्याहून जास्त या हाताची वाटते. मी तो हात दूर केला नाही. चांगली दहा मिनिटं आणखी बसले. तुमच्याबद्दल बोलले, तुम्ही किती छान समजावून सांगायचात ते सांगितलं, मैदानावरची चांदणी सांगितली, आणि काकू पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. सगळं खरं होतं आणि मी ते एका दुसऱ्याच मुलीच्या नावावर सांगत होते, जी चांगली होती आणि जी कधी नव्हतीच.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तर पाठवता येईल. तुम्हाला नाही, पण त्या घराला पत्ता आहे आणि काकूंना वाचता येतं, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतात रोज. ‘का गं बाई’ चं उत्तर वर लिहिलंच आहे. पाच दिवस मी हे लिहिते आहे, रोज ऑफिसातून येताना पोस्टावरून येते, आणि अजून पाकीट आणलेलं नाही. आणेन असं वाटतही नाही.

एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या. तुमच्या मुलीची मुलगी बारावीला आहे, सिल्लोडला, तुमच्यासारखीच कॉम्प्युटरच्या मागे लागली आहे म्हणाल्या. “तिला कुणी सांगणारं नाय इथं. तुमचा लंबर द्या, फोन करंल ती, सांगाल ना तिला कुठं काय शिकायचं ते?” मी म्हणाले, सांगेन की. काकूंनी आत जाऊन पेन आणलं, मी सांगत गेले तसा एकेक आकडा मोठ्यानं म्हणत कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतला, आणि मग सगळा पुन्हा वाचून दाखवला, बरोबर हाय न्हवं म्हणून. मी बरोबर आहे म्हणाले. शेवटचा आकडा मी चुकीचा सांगितला होता.